छत्री धरणारं माणूस

१

दुर्बिणीला दोन हात लागतात. त्यामुळं पावसाळ्यात पाखरं बघायची तर माणसं दोन पाहिजेत, एक बघणारं आणि एक छत्री धरणारं. रेनकोट घाला म्हणून शहाणपण शिकवणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी एकदा टोपीवर पाऊस वाजत असताना पाखराचा आवाज ऐकून दाखवावा. आणि काचेवर थेंब पडला की बगळा काय न् म्हैस काय, सगळं सारखंच दिसतं.

आमच्यात बघणारी मी आणि छत्री धरणारे आमचे हे, सुदाम. हिंगोलीच्या एसटी डेपोत मेकॅनिक. यांना पाखरांतलं ओ की ठो कळत नव्हतं. कावळा, चिमणी, कोंबडी, संपलं. मी एका खंड्यावर नजर लावून किती का वेळ उभी राहीना, हे हूं की चूं करायचे नाहीत. शेवटी एकच विचारायचे, "झालं का मास्तरीणबाई? चहा घ्यायचा का आता?" आणि पुढच्या रविवारी माझ्या आधी बूट घालून तयार.

मी चिडवायचे, "काहून येता हो? तुमाला तर कंटाळा येतो."

"येतो की. पन छत्री कोन धरंल?"

पाखराजवळ बोलायची सोय नसते, म्हणून आमची एक रीत पडून गेली होती. पुढं खड्डा असला, काटा असला, तर हे तोंडानं काही सांगायचे नाहीत. छत्री सरकवायचे. डोक्यावर थेंब पडला की मी समजायचे आणि दुर्बिणीतून डोळा न काढता छत्रीखाली जायचे. कासरा हलला की बैल वळतो, तसं. सिद्धेश्वर धरणाच्या काठानं मी अशी वर्षानुवर्षं न बघता चालले, पण कधी ठेच म्हणून लागली नाही. छत्री सगळी माझ्याकडं कललेली असायची. यांचा खांदा भिजायचा आणि घरी येऊन मी त्यांनाच रागवायचे.

२

पौषात यांच्या छातीत कळ आली. नांदेडला पोचेपर्यंतही थांबले नाहीत. पोटी लेकरू नाही, त्यामुळं घरात मी आणि चार भिंती.

तेराव्याला गावाकडून आलेल्या सासूबाईंनी, गोजरबाईंनी, नवी छत्री आणायला लावली. गेलेल्याच्या नावानं छत्री, जोडा, तांब्या द्यायचा, म्हणजे वाटेत त्याला ऊनपाऊस लागत नाही, अशी आमच्याकडं रीत. मी पुसेगावच्या शाळेत विज्ञान शिकवते. मला राहवलं नाही.

"आई, पौषात कुठला आलाय पाऊस?"

"त्याच्या वाटंला असंल," म्हातारी म्हणाली. "तुला न्हाई कळायचं."

मी वाद घातला नाही. काळी छत्री दिली. ती घेऊन जाणाऱ्याचं तोंडसुद्धा मी बघितलं नाही, कारण माझे डोळे भरलेले होते.

त्यानंतर दुर्बीण कपाटात गेली. आषाढात शिला राठोड दारात येऊन उभी राहिली. शिला माझ्याच शाळेत शिकवते, जवळच्या तांड्यावरची. वयानं लहान, पण दरडावण्यात माझी सासू.

"ताई, उद्या सिद्धेश्वर. दुर्बीण काढा."

"मला न्हाई यायचं."

"न्हाई कसं? स्कुटीत पेट्रोल टाकून आले मी. आता ते काय प्यायचं का?"

गेलो. धरणाचं पाणी मागं शेतांत पसरतं त्याला आम्ही फुगवटा म्हणतो. तिथं कडेला पाण्यावर वेलीची पानं पसरलेली असतात आणि त्या पानांवर कमळपक्षी चालतो. लांब शेपटी, सोनेरी मान. यांच्यात मादी अंडी घालून मोकळी होते, उबवायचं आणि पिल्लं सांभाळायचं नरानं. हे मी सांगितलं तेव्हा आमचे हे म्हणाले होते, "मंजी हितंबी नवराच छत्री धरून राहिला."

भुरभुर सुरू झाली. शिलानं छत्री उघडली, पण तिचा हात लगेच गळाला, आणि तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. ती छत्री घेऊन मागं बाभळीखाली गेली. मी म्हणलं भिजू, काय मीठ आहोत का विरघळायला. पाखरू पानावरून पानावर जात होतं, माझा डोळा त्याच्या मागं. पाऊस वाढला. समोर पाणी नुसतं उकळल्यासारखं दिसायला लागलं.

मग ते पाखरू गवतात शिरलं. मी दुर्बीण खाली घेतली आणि त्याच क्षणी डोक्यावर भस्सकन पाणी आलं.

शिला धावत आली. "आवं, तुमी त—" ती थांबली. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. "तुमी भिजल्या काहून न्हाईत?"

साडीचा काठ चिखलानं भरला होता. पदर, केस, दुर्बिणीची काच, सगळं कोरडं. आता कुठं भिजायला लागलं होतं.

"सर मागं पडली असंल," मी म्हणलं. "पावसाचं काय, बैलाचं एक शिंग भिजतं न् एक कोरडं राहतं."

"श्रावण न्हाई लागला अजून," शिला म्हणाली.

३

मी विज्ञानाची बाई. भूतबाधेच्या गोष्टी सांगणाऱ्या पोरांना मी वर्गाबाहेर उभं केलेलं आहे. म्हणून दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर पाऊस होता तेव्हा मी दुर्बीण घेऊन गच्चीवर गेले. डोळ्याला लावली. समोर पाण्याची टाकी. दोन मिनिटांत चिंब झाले.

शेजारच्या रुक्माबाई खिडकीतून ओरडल्या, "बाई, बरं हाय ना जिवाला?"

"बरं हाय, कपडे धुऊन राहिले," मी म्हणलं.

मनात हसले. म्हणलं, साधनाबाई, तुम्हीसुद्धा? सर मागं पडली होती, बस. जायला वळले तर विजेच्या तारेवर चातक येऊन बसला. काळापांढरा, डोक्यावर तुरा. हिंगोलीच्या तारेवर असा समोर चातक! सवयीनं हात वर गेले. मी बघायला लागले. नुसतं नाटक नाही, खरंखुरं बघायला लागले.

आणि डोक्यावर आवाज सुरू झाला. टप, टप, टप. ताणलेल्या कापडावर पाऊस पडतो तो. पत्र्याचा असा नसतो, पानांचाही नसतो. आवाज अगदी जवळ होता, माझ्या भांगापासून हातभर वर.

मी मनाला समजावलं. शेजारच्यांनी ताडपत्री बांधली असेल. ओळखीचा आवाज कानाला हवाच असतो, तो आपला आपण तयार करतो. हे सगळं मी बराबर, मुद्देसूद समजावलं. डोळा मात्र काढला नाही.

"अहो," मी हळूच म्हणलं.

आवाज तसाच चालू होता. चातक उडाला, मी दुर्बीण खाली घेतली, आणि कुणीतरी छत्री मिटावी तसा पाऊस माझ्या अंगावर आला.

मला भीती वाटायला पाहिजे होती. नाही वाटली. मला इतकं बरं वाटलं की मी जिन्यात बसून मोठ्यानं रडले. एवढे महिने मी एकटीनं जेवले होते, एकटीनं कुलूप लावलं होतं, आजारपणात एकटीनं उठून पाणी घेतलं होतं. मला कुणी 'झालं का मास्तरीणबाई' म्हणून विचारलं नव्हतं.

४

श्रावणातला रविवार. पावसानं सकाळपासून डोळा उघडला नव्हता. मीच शिलाला फोन केला.

"एवढ्या पान्यात?" ती म्हणाली.

"पाखरं काय पान्यात मरतात का? ये तू."

फुगवट्यावर पोचल्यावर ती म्हणाली, "ताई, आज मी छत्री धरते तुमच्यावर. कितीबी वेळ."

"नको. तू बस बाभळीखाली."

"काहून?"

"तुझा हात दुखतो."

तिनं माझ्याकडं बघितलं. मी बघितलं नाही. खोटं बोलायची मला सवय नाही, लगेच तोंडावर दिसतं.

काठाशी उभी राहिले. पाऊस असा की पलीकडचा काठ गायब. पण वेलीच्या पानांवर तो होता, कमळपक्षी, नर. खाली बसल्यासारखा दिसत होता आणि त्याच्या पोटाखालून भलतेच पाय लोंबत होते, बारीक बारीक. मला कळायला वेळ लागला. त्यानं पिल्लं पंखांत घेतली होती. पाऊस लागू नये म्हणून पंखांत दाबून तो तसाच चालला होता.

टप, टप. वर कापड वाजायला लागलं.

"आलात?" मी म्हणलं. "लई उशीर केला हो. बघा, पिल्लं बघा त्याची. तुमाला दिसायची न्हाईत म्हना, तुमी कधी दुर्बीण धरली का? आता डोळा काढता येत न्हाई मला. हितूनच बोलते. घरातला नळ गळून राहिला, तुमी असता तर..." असलं काहीतरी. माणूस किती साध्या गोष्टी बोलतं. माझ्या डाव्या बाजूला अंगाची ऊब होती का? होती असं वाटलं. वाटलं म्हणजे होतीच असं नाही, हे मला कळतं.

पाखरू पुढं सरकलं. डोक्यावर एक थेंब पडला. छत्री पुढं गेली होती.

मी पाऊल टाकलं आणि परत कोरडी झाले. तीच रीत! किती वर्षांची! मला रडू आणि हसू एकदमच आलं.

परत थेंब. परत पाऊल. पायाला गार लागलं. काठावर चिखल असतोच, चपलेत पाणी जातंच. खाली कठीण होतं, बराबर पाऊल बसत होतं. फुगवट्यात बुडालेली जुनी गाडीवाट तिथून आत उतरते, उन्हाळ्यात आम्ही तिच्यावरून पार आतपर्यंत गेलो होतो. थेंब, पाऊल. थेंब, पाऊल. साडी पायाला चिकटायला लागली. गुडघ्याला पाणी लागलं तेव्हा माझ्यातली मास्तरीण जागी झाली.

ती म्हणाली, साधना, तुझा नवरा पाण्याला भ्यायचा. पूर्णेवर दर्शनाला गेलं तरी तो घाटाच्या पायरीवरून तांब्यानं पाय धुवायचा. त्यानं तुला कधी डबक्यात पाय ठेवू दिला नाही. छत्री सरकायची ती खड्ड्यापासून लांब. मग आज ती खोल पाण्याकडं काहून सरकून राहिली?

प्रश्न अगदी बरोबर होता. मला तो पटला. तरी थेंब पडला तसं मी पाऊल टाकलं, कारण दुर्बीण खाली घेतली असती तर मी परत एकटी झाले असते.

५

"याडी ए!" शिलाची किंकाळी आली. तिच्या भाषेत आईला हाक. "ताई! मागं या! ताई!"

माझे हात हलले. दुर्बीण गळ्यात पडली.

पाणी कमरेच्या वर होतं. काठ मागं, बराच मागं. चहूकडं पाऊस पाण्याला फोडत होता, सगळं पांढरं आणि खळखळतं. फक्त माझ्यासमोर एक गोल होता. पराती­एवढा नाही, त्याहून मोठा, एक छत्री झाकते तेवढा. त्या गोलात पाऊस पडत नव्हता. तिथलं पाणी तेल ओतल्यासारखं गप्प होतं. माझं अर्धं अंग त्या गोलात होतं आणि अर्धं बाहेर भिजत होतं.

या वेळी छत्री मिटली नव्हती.

गप्प पाण्यात मला माझं तोंड दिसलं. विस्कटलेलं, म्हातारं. त्याच्या बाजूला मूठ वळलेला हात दिसला. पुरुषाचा हात. मनगट, मग कोपरापर्यंतची बाही, आणि तिथं गोल संपत होता. छत्री सगळी माझ्याकडं कललेली. त्यापुढं पाऊस पडत होता आणि पाणी फुटत होतं, तिथं काहीतरी उभं होतं एवढंच, त्याचं तोंड जुळून येत नव्हतं. एक डोळा जुळायचा आणि थेंब पडून मोडायचा.

मी वर बघू शकले असते. मान उचलायची फक्त. सुदाम असतील तर मला ते बघायचे होते, जीव तुटत होता बघायला. नसतील तर?

मी मान उचलली नाही. मागून शिलानं माझी वेणी धरली आणि मला ओढत काठाला आणलं. तिला पोहता येत नाही, हे मला नंतर आठवलं.

६

औंढ्याला चहाच्या टपरीवर आम्ही दोघी थरथरत बसलो. शिलाचा चहा तिच्या हातात निवून गेला.

"ओरडलीस ते बरं केलंस," मी म्हणलं. खरं सांगायचं तर मला तिचा राग आला होता. जीव वाचवणाऱ्या माणसाचा राग येतो, हे मला त्या दिवशी कळलं.

ती कपातल्या चहाकडं बघत होती.

"तुला दिसलं ना काही?"

"घरी चला ताई."

"शिला, मी तुझ्या पाया पडते. दिसले ना तुला? छत्री धरून होते ना?"

"छत्री होती," ती म्हणाली.

मी बाकावर पुढं सरकले. "मग? कसे दिसत होते? वाळलेत का? तोंड कसं होतं?"

शिलानं कप खाली ठेवला. "ताई, सुदामभाऊ तांड्यावर किती बार आले, माझ्या लग्नात त्यायनं वाढलं. त्यायची पाठ मला गर्दीतबी कळते. ते सुदामभाऊ नव्हते."

"एवढ्या पावसात लांबून तुला काय कळणार?"

"नव्हते."

"मग कोन होतं?"

"मला म्हाईत न्हाई. तुमी पुढं बघत होत्या, पाखराकडं. ते पुढं बघत नव्हतं. तुमच्याकडंबी बघत नव्हतं." तिनं पदर तोंडाला लावला. "चालून राहिलं होतं पुढं, आन् मान पूर्ण मागं करून माझ्याकडं बघून राहिलं होतं. माझी नजर चुकवायचंबी काम न्हाई त्याला. जसं मला काही सांगायला गेलं, की ही आता माझी."

टपरीवाला भजी तळत होता. मी त्या कढईकडं बघत बसले. शिला माझ्या गळ्यातली दुर्बीण काढून घेत होती ते मला कळत होतं.

"ही माझ्याकडं राहील," ती म्हणाली. "तुमाला माझ्या लेकराची शपथ हाय ताई, तिकडं परत जायचं न्हाई."

"न्हाई जात," मी म्हणलं.

७

शिलाची काही चूक नाही. ती रोज शाळेत माझ्यासाठी भाकरी आणायची, घरी फोन करायची. पण तिला नवरा आहे, दोन पोरं आहेत, आरडाओरडा करणारी सासू आहे. शाळा सुटली की ती माणसांत जाते. मी कुलूप उघडते.

पावसाची झड लागली तेव्हा मी रजा टाकली आणि औंढ्याची बस धरली. पुढं जीपनं, मग पायी. दुर्बीण नव्हती. लेकरं करतात तशा मुठी केल्या आणि डोळ्यांना लावल्या. पाण्यात लांब एक पाणकावळा पंख पसरून बसला होता, पावसातच वाळवत होता, येडं कुठलं. मी त्याच्याकडं बघत राहिले.

टप, टप.

"शिला म्हनते तुमी ते न्हाई," मी म्हणलं.

छत्री हलली नाही.

"तिची नजर चांगली हाय. ती खोटं बोलायची न्हाई." आता मात्र भीती वाटत होती, भरपूर वाटत होती, पण भीतीनं एकटेपण जात नाही. "नसाल तर नसा. फक्त बोलू नका. आवाज दुसरा निघाला तर मला न्हाई जमायचं."

ते बोललं नाही.

मग थेंब पडला. मी पाण्याकडं पाऊल उचललं, आणि अंगावर आणखी पाऊस आला. छत्री पाण्याकडं गेली नव्हती. ती मागं, रस्त्याकडं सरकली होती. मी मुठी डोळ्यांवर तशाच ठेवून वळले आणि थेंब चुकवत चुकवत रस्त्याला लागले. त्याला आता पाण्यात काही नको होतं. घरीच यायचं होतं. बसमध्ये दाटून गर्दी होती, लोक दांडीला लोंबकळत होते, पण माझ्या शेजारच्या जागेवर कुणी बसलं नाही. मी खिडकीतून बाहेर बघत आले.

आता दसरा झाला. पाऊस कधीच गेलाय, सोयाबीन काढून झालं, ऊन मी म्हणतंय. घरात मात्र दुपारच्याला कापडावर पाऊस वाजतो. स्वयंपाक करताना माझ्या मागं वाजतो. मी मान वळवत नाही. शिला दोनदा येऊन गेली, उंबऱ्याच्या आत आली नाही. दारातूनच माझ्या खांद्यामागं बघितलं आणि रडत निघून गेली.

चहा मी दोन कप टाकते. सुदामना साखरेचा आजार होता, ते बिनसाखरेचा प्यायचे, म्हणून दुसरा कप मी बिनसाखरेचा करून मागं ओट्यावर ठेवायचे. तो रोज तसाच राहायचा, वर साय धरायची. परवा मनात काय आलं कोण जाणे, मी त्यात साखर टाकली आणि पाठ करून उभी राहिले. वळले तेव्हा कप रिकामा होता.

मी कप विसळला. बराच वेळ विसळत होते.

आता त्यात साखर टाकते.